पाच गावांची एकच जत्रा

१० फेब्रुवारी १९७६, मंगळवार

फौजेतून येऊन तीन वर्षं झाली आणि डायरी लिहायची सवय मोडली. आज पुन्हा उघडली, कारण डोकं भरून आलंय आणि ते रिकामं करायला दुसरी जागा नाही. बनुबाईला सांगायला गेलो तर ती तांदूळ निवडत ऐकते. तिनं ऐकलं की नाही, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

दिवाण साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. मी फाटकावर हजेरी घेतो त्या फौंड्रीचे हे मॅनेजर. पुण्याचे, वयानं माझ्याहून लहान, पण साहेब म्हणजे साहेब. म्हणाले, हवालदार, चैत्र कधी लागतो? मी म्हटलं, मार्चअखेर पाडवा आहे. ते म्हणाले, म्हणजे पुन्हा तोच गोंधळ.

गोंधळ म्हणजे गेल्या वर्षीचा. आम्ही शेतीपंपाचे लोखंडी भाग ओततो. भट्टी एकदा पेटली की मागं फिरता येत नाही. लोखंडाचा रस तयार झाला की पळ्या भरभरून साच्यात ओतायला सगळे हात लागतात, नाहीतर तो आतच गोठतो. गेल्या चैत्रात दर भट्टीला कुणी ना कुणी जत्रेला गेलेलं. कुणाच्या गावची पौर्णिमेची, कुणाच्या मामाच्या गावची पंचमीची, कुणाच्या बहिणीच्या सासरची अष्टमीची. पौर्णिमेच्या भट्टीला तर निम्मी पोरं नव्हती आणि रस गोठला. घणानं फोडून काढता काढता आठवडा गेला आणि सांगलीचं मोठं गिऱ्हाईक हातचं जाता जाता राहिलं.

साहेब आवाज न चढवता म्हणाले, की यंदा चैत्रात एकदा जरी भट्टी गोठली तर ही सगळी पोरं काढून ठेकेदाराची बाहेरची माणसं आणायचं मालकांनी ठरवलंय. ठेकेदार शेड बघूनही गेला.

ही पोरं मी आणलेली आहेत. आमच्या निगडवाडीची आणि शेजारच्या चार गावांची. एकेकाच्या बापाला ओट्यावर बसून शब्द दिला होता, की पोरगं माझ्या हाताखाली आहे, तुम्ही निवांत राहा. आता तीच पोरं परत उसाला पाणी पाजायला गेली तर मी त्या रस्त्यानं तोंड वर करून कसा जाणार? साहेबांना म्हटलं, बंदोबस्त करतो. काय बंदोबस्त करणार ते मला ठाऊक नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सातारा म्हणजे पेन्शनरांचं गाव, असं आम्ही फौजेत सांगायचो. काठी घेऊन सकाळी चार भिंतीच्या टेकडीवर जायचं आणि संध्याकाळी राजवाड्यापुढं बसायचं. आता माळावर शेड उभ्या राहिल्यात आणि सकाळी भोंगा वाजला की सायकलींची रांग लागते. आमच्या आळीतले म्हातारे भोंग्यावर घड्याळ लावतात आणि भोंग्यालाच शिव्या देतात.

आमची पोरंही बदलली. टेरिलीनचे शर्ट आले, मनगटावर घड्याळं आली. पण जत्रा म्हटलं की घड्याळ काढून खिशात. कृष्णात आमचा साचे करणारा सगळ्यांत चांगला गडी. त्याला आज सहज विचारलं, समज भट्टी आणि जत्रा एकाच दिवशी आली तर? तो म्हणाला, "हवालदार, भट्टी काय, उद्या बी पेटंल. द्येव वर्सातनं एकदाच भाईर पडतो."

 खरं म्हणजे जत्रा कशी असते हेच मी विसरलोय. सतरा वर्षं चैत्रात मी कुठल्या ना कुठल्या छावणीत होतो. लहानपणच्या कुस्त्या आठवतात, रेवड्या आठवतात, आणि घरात पाय ठेवायला जागा नसायची एवढं आठवतं.

संध्याकाळी मात्र एकदम उजेड पडला. आमच्या पलटणीत एके वर्षी दसरा चार दिवस आधी केला होता, कारण कर्नल साहेबांचा दौरा होता. रावण जळायचा तसाच जळला. मग जत्रेलाच सुट्टीच्या दिवशी का आणू नये? पोरांनी देवाकडं जायचं, ते जाऊ देत. फक्त देवानं सोमवारी, आमच्या सुट्टीच्या वारी यावं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, हवालदार, हे माझ्या डोक्यात आलं नसतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सांगलीच्या मालाची घाई असल्यामुळं चैत्रातले बाकीचे सोमवारही कामाचे आहेत. एकोणीस एप्रिल तेवढा रिकामा, त्या दिवशी भट्टीची डागडुजी. साहेबांनी त्या तारखेभोवती लाल गोल काढला आणि गावं फिरायला कंपनीची जीप दिली. पाच गावं, एक तारीख, एक हुकूम. फौजेत यालाच शिस्त म्हणतात, आणि हल्ली आणीबाणीत तर भिंतीभिंतीवर शिस्तच लिहिलेली आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस विचित्र गेला. चार गावं फिरलो. मी खाकी कोट घातला होता, हातात कागदाची पाटी होती, ड्रायव्हर आकाराम जीप चालवत होता. पहिल्या गावात शिरलो तर चावडीपुढं पुरुष माणूस औषधाला सापडेना. दोघं-तिघं उसात घुसताना मी डोळ्यांनी पाहिले. बायका म्हणाल्या, बाप्ये न्हाईत, लग्नाला गेल्यात. सगळे? एक म्हातारी जीपच्या मागं वाकून बघून मला म्हणाली, "डागदर कुठं बसवलाय?"

दुसऱ्या गावात सरपंच हात जोडूनच पुढं आले. मी तोंड उघडायच्या आधी म्हणाले, की आमच्या गावानं मागल्याच महिन्यात माणसं दिली, आता कुणी उरलं नाही. मी सांगितलं, की मी जत्रेसाठी आलोय, जत्रा सोमवारी घ्यावी एवढीच विनंती आहे. ते म्हणाले, "निसती जत्रा?" मी म्हटलं, व्हय. "आन् दुसरं काय न्हाई?" दुसरं काही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की दिवाळी मागितली असती तरी दिली असती. गुळाचा चहा झाला, पाठीवर थाप पडली. दर गावात तेच. मला वाटलं होतं भांडणं होतील, देवाचं नाव निघेल. कुणी चकार शब्द काढला नाही.

परत येताना आकाराम हसून हसून स्टिअरिंगवर पडायचा बाकी होता. म्हणाला, "हवालदार, त्यास्नी वाटलं नसबंदीची गाडी आली. न्हाई म्हनायचं भान कुणाला हाय?" मी त्याला गप्प केलं. जीपवर कंपनीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात आहे. मुद्दा नीट मांडला की माणूस ऐकतो, एवढंच.

शेवटचं गाव खडकमाळ, माझी धाकटी बहीण मनुबाई तिथं दिलीय. तिच्या दारावरून गेलो पण उतरलो नाही, कामावर होतो. ती दारात उभी होती. जीपमध्ये मी आहे हे कळल्यावर तिनं हात हलवला.

१ मार्च, सोमवार

आज आमची निगडवाडी. घरचं गाव म्हणून शेवटी ठेवलं होतं आणि तिथंच अडलं. थोरले बंधू लालासाहेब पंचांत आहेत. सगळ्यांदेखत म्हणाले, "द्येवाची तारीख तू बदलनार व्हय रं? उद्या म्हनशील, द्येवानंच कारखान्यात यावं."

मी पोरांची गोष्ट सांगितली. नोकऱ्या जातील म्हटलं. ज्यांची पोरं आमच्याकडं आहेत ते जमिनीकडं बघत बसले. शेवटी ठरलं, देवाला कौल लावू. गुरवानं देवाला पाणी घातलं, उजव्या-डाव्या अंगाला एक एक कळी चिकटवली. उजवी पडली तर होकार. गुरवानं गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही सगळे हात जोडून उभे. कळ्या काही हलेनात. पाय दुखायला लागले. मग गुरव म्हणाला, देव तापलाय, आणि पुन्हा तांब्याभर पाणी घातलं, तेव्हा उजवी पडली. पाणी जरा उजवीकडनंच पडलं असं मला वाटलं, पण गाभाऱ्यात अंधार असतो. गुरवाचा थोरला आमच्याकडं पळी धरतो, चांगला पोरगा आहे.

लालासाहेब एवढंच म्हणाले, की देवानं दिला तर दिला. आणि मला मागं ठेवून घराकडं चालू लागले.

साताऱ्याला आल्यावर बनुबाईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मनुबाईच्या गावची बी त्याच दिशी?" मी म्हटलं, पाचही गावांची त्याच दिवशी. ती थांबली. पुन्हा विचारलं, खडकमाळची बी? मला राग आला. म्हटलं, एकदा सांगितलेलं समजत नाही का? ती उठून चुलीकडं गेली. बायकांना तारखेचं काही सांगण्यात अर्थ नाही.

११ मार्च, गुरुवार

साहेबांनी नमुन्याचे भाग घेऊन सांगलीला पाठवलं. गिऱ्हाइकाकडं काम झालं, मग त्यांच्या शेजारची फौंड्री बघायला गेलो. मालक दादासो, गोल चेहऱ्याचा, बनियनवरच होता. त्याला म्हटलं, तुमच्याकडं जत्रेच्या दिवसांत पोरांचं कसं करता?

तो म्हणाला, "कसं म्हंजे? भट्टीच पेटवत न्हाई. मिरजंला उरूस असला तर निम्मी तिकडं, गावची जत्रा असली तर निम्मी हिकडं. आमी बी जातो जेवायला. पोरं सोडत न्हाईत."

मला त्याची कीव आली. असल्या कारभारानं सांगली काय पुढं जाणार? मी त्याला माझी योजना सांगितली. तो आधी ऐकत होता, मग म्हणाला, पाची गावांची येकाच दिशी? आणि हसायला लागला. हसताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. का हसला ते सांगेना. पान लावून दिलं आणि म्हणाला, जत्रा झाली की कळवा, लय गम्मत हुईल. एस.टी.त पलूस येईपर्यंत विचार करत होतो. माणूस जरा सैल वाटला.

३१ मार्च, बुधवार

पाडवा. भट्टी होती. एकही गैरहजेरी नाही.

१४ एप्रिल, बुधवार

आज पौर्णिमा. गेल्या वर्षी याच दिवशी रस गोठला होता. आज हजेरी पुरी, सगळे साचे ओतले गेले, रसाचा थेंब वाया नाही. मालकांचा पुण्याहून फोन आला. साहेबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, तुम्ही या पोरांना वाचवलंत. 

मग पोरं खूश का नाहीत? दिवसभर पोरं एकेकटी माझ्याकडं येऊन जातायत. एकानं विचारलं, त्याच्या सासुरवाडीची जत्रा कवा? मी म्हटलं, सोमवारी. दुसऱ्यानं विचारलं, मावशीच्या गावची? सोमवारी. कृष्णातानं विचारलं, "मामाच्या गावची बी सोमवारीच?" म्हटलं, व्हय रं, सगळ्यांची. तो परत गेला आणि साच्यातली माती अशी ठोकायला लागला, की मिस्त्री ओरडला. मला वाटतं सुट्टी एकच दिवस आहे म्हणून नाराज असतील. नोकरी टिकवायची तर एवढं सोसायला नको का? पण भांडायला कुणी आलं नाही. त्यांनाही ठेकेदार ठाऊक आहे.

१८ एप्रिल, रविवार, निगडवाडी

संध्याकाळी बनुबाईला घेऊन गावाला आलो. घर सारवलंय, लालासाहेबांनी बोकड आणलाय. दर वर्षी वीस-पंचवीस पाहुणा असतो म्हणे, शिवाय त्यांची पोरंबाळं. त्या हिशोबानं भाकरीचं पीठ दळून ठेवलंय. वहिनींनी विचारलं, की एवढं करू का? लालासाहेब म्हणाले, करा, जत्रा हाय. माझ्याकडं बघितलं नाही.

१९ एप्रिल, सोमवार, निगडवाडी

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

सकाळी पालखी निघाली. गुलाल होता, ढोल होते, सासनकाठी होती. निगडवाडीची पोरं सगळी हजर, कृष्णात आणि बाकीची आपापल्या गावी. मी मनात म्हटलं, बघा, काय अडलं? दुपारी जेवणं लागायची वेळ झाली. वहिनींनी अंगणात पट्ट्या अंथरल्या. रश्श्याची दोन पातेली चुलीवर, भाकऱ्यांची चळत. आणि पाहुणा कुणी नाही.

मला वाटलं एस.टी. उशिरा असेल. मी रस्त्यापर्यंत जाऊन आलो. एस.टी. येऊन गेली होती, आमच्या गावात कुणी उतरलं नव्हतं. परतताना बघितलं तर घरोघरी तेच. अंगणात पट्ट्या, दारात घरधनी उभा, वाटेकडं बघतोय. शेजारी माझ्याकडं बघायचा आणि मी शेजाऱ्याकडं. गुरव दारात उभा राहून मला म्हणाला, या की जेवायला. मी म्हटलं, तुम्हीच या. तो म्हणाला, आमच्याच घरी जेवायला कुणी न्हाई तर तुमच्यात कसं येऊ?

मग माझ्या टाळक्यात शिरलं. लालासाहेबांच्या बायकोचे भाऊ त्यांच्या गावच्या जत्रेत. मामा त्यांच्या. कृष्णात त्याच्या अंगणात कुणाची तरी वाट बघत असणार. खडकमाळला मनुबाई चुलीपुढं असणार, तिच्याही घरी कुणी आलं नसणार. पाचही गावांत पातेली शिजतायत आणि जेवायला घरचीच माणसं.

संध्याकाळी कुस्त्यांचा फड. बाहेरचा पैलवान एक नाही. आमचीच पोरं आमच्याच पोरांशी धरली. कोण कुणाला पाडणार हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. कुणी टाळी वाजवली नाही. तमाशाचा फडही आला नाही, पाच गावांनी एकच फड ठरवला होता, तो कुठं गेला कोण जाणे.

 लालासाहेब शिव्या घालून बोलले असते तर बरं झालं असतं. जेवताना फक्त म्हणाले, "पाव्हना न्हाई ती जत्रा कसली? हे आपलं रोजचं जेवान, जरा तिकट."

२० एप्रिल, मंगळवार

सकाळी फाटकावर उभा राहिलो. मनात म्हटलं, आज रागानं कुणी येणार नाही, आणि आजच भट्टी. पण पोरं आली. सगळीच्या सगळी आली. आणि प्रत्येकाच्या सायकलला काहीतरी बांधलेलं. डबे, बरण्या, एकानं तर पातेलंच, वर फडकं बांधून. मी विचारलं, हे काय? कृष्णात म्हणाला, "उरलेलं हाय, हवालदार. रातभर उकळत ठिवलं हुतं. टाकायचं कसं?"

दुपारची सुट्टी झाली तेव्हा सगळे शेडच्या मागं सावलीत बसले. आधी आपापलं उघडून बसले. मग निगडवाडीच्या पोरांनी कृष्णाताला बोलावलं, त्यानं खडकमाळच्यांना, खडकमाळच्यांनी गुरवाच्या पोराला. बघता बघता पंगत झाली. आग्रह सुरू झाला. अजून एक भाकरी, आमच्या गावचं तिखट बघ, तुझ्या आईच्या हातचं लय दिवसांनी. मला ओढून बसवलं. मी पाच गावचा रस्सा खाल्ला. काल दिवसभर जे झालं नाही ते इथं कोळशाच्या ढिगापाशी होत होतं. हसू येत होतं.

सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला. कुणी उठलं नाही. भट्टीत रस तयार झालेला. मिस्त्री ओरडत आला.  हीच वेळ. आता गोठली की संपलं सगळं. मी उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच निघालं, की पोरांनो, रस.

कृष्णातानं बोटं चाटली. धोतराला नाही, नव्या पँटला हात पुसले आणि उठला. त्याच्यामागं सगळे उठले. घास चावत चावत पळ्या उचलल्या. असं ओतकाम मी या शेडमध्ये पाहिलेलं नाही. एक साचा चुकला नाही. ओतून झालं आणि पोरं परत पंगतीला येऊन बसली, राहिलेलं संपवायला.

दिवाण साहेब तोवर येऊन उभे होते. मला वाटलं आता फटकारणार. ते सगळं बघून हसत होते. केबिनमध्ये नेऊन म्हणाले, की ठेकेदाराला आजच नको म्हणून कळवतो. पोरं राहिली. मी खुर्चीचा हात धरला. मग म्हणाले, हवालदार, पुढच्या वर्षापासून हीच रीत. कंपनीची जत्रा. शेडमध्येच करू, जेवण कंपनीचं, मंडप घालू, पाचही गावांची पोरं एकत्र. गावाकडं जायचं कामच उरणार नाही. त्यांनी ते लगेच लिहूनही काढलं आणि सही केली.

मी सलाम केला. शब्द पाळला होता. पोरं वाचली होती. घरी जाताना सायकल हलकी लागायला पाहिजे होती.

बनुबाईला सगळं सांगितलं. पंगतीचं सांगताना मला उत्साह आला. पाच गावं कशी जेवली, कोण कुणाला वाढत होतं. आज तिच्या हातात तांदूळ नव्हते. ती सरळ माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "बाप्ये जेवले की एकमेकाच्यात. आन् आमी? आमी कुनाच्यात जायाचं?"

मी म्हटलं, म्हणजे काय? ती म्हणाली, "मनुबाई वर्सातनं एकदाच येती, जत्रंला. रंगुबाई तिला येरवी धाडत न्हाई. न्हाई मी म्हनले का तवा, दोनदा इचारलं."

मनुबाईच्या सासूचं हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण तारखेच्या गोलात ते कुठं बसलं नव्हतं.

२१ एप्रिल, बुधवार

आज मी कामावर गेलो नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा. कळवलंही नाही. सायकल काढली आणि खडकमाळचा रस्ता धरला. डोक्यात एकच, की मनुबाईला घेऊन यायचं. चार दिवस साताऱ्याला राहू दे, मग निगडवाडीला पोचवीन. जत्रा नाही तर नाही, भाऊ आहे ना. याला कुणाची परवानगी लागते?

ती अंगणात शेण गोळा करत होती. मला बघून आधी घाबरली. कुणी गेलं का म्हणाली. मी म्हटलं, कुणी नाही, तुला न्यायला आलोय. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. हात धुतले आणि धावत आत गेली. मी ओट्यावर बसलो. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली ती नवं हिरवं लुगडं नेसून. जत्रेला घेतलेलं, घडी मोडली नव्हती, कडक काठ अंगावर नीट बसत नव्हता. अजून सासूला विचारलंही नव्हतं.

रंगुबाई परसातनं आल्या. त्यांनी सुनेकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी उठून नमस्कार केला आणि आल्याचं कारण सांगितलं. त्या चांगल्याच बोलल्या. आवाजात राग नव्हता. म्हणाल्या, "पाव्हनं, न्हाई म्हनत न्हाई मी. पन आज हाय काय? लगीन हाय? बारसं हाय? जत्रा तर झाली की. निमित्त नको का कायतरी? गावाला काय सांगू?"

 सतरा वर्षं फौजेत, तीन वर्षं फाटकावर, दुसऱ्यांची कारणं ऐकण्यात गेली. मला स्वतःला एक कारण सांगता आलं नाही. बहिणीला भेटावंसं वाटलं, हे सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "भेटला की."

मनुबाई दाराच्या चौकटीत उभी होती. म्हणाली, "फुडच्या वर्सी तरी येगळ्या दिशी घ्या, आण्णा. तुमचं ऐकत्यात समदी." मी मान हलवली. पुढच्या वर्षीचा कागद साहेबांच्या टेबलावर सही होऊन पडलाय, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही.

रंगुबाई म्हणाल्या, जेवल्याबिगर सोडणार नाही. मनुबाई आत गेली. बराच वेळ नुसता चुलीचा आवाज येत होता. ताट घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर परत जुनंच लुगडं होतं. पिठलं होतं, भाकरी होती. अजून एक घ्या, म्हणाली. मी घेतली.